फोटो आपला, कुलूप निकॉनचं

लग्नसराई तोंडावर आली की कोल्हापूर-सांगलीपासून नाशिक-जळगावपर्यंत सगळे फोटोग्राफर नव्या बॉडीचा हिशेब मांडायला लागतात. जुनी विकून किती येतील, हप्ता किती बसेल, लेन्स कुठली ठेवायची. या हिशेबात एक प्रश्न कुणीच धरत नाही, आणि तो विचारला नाही म्हणून कॅमेरा कंपन्या निर्धास्त आहेत. प्रश्न असा : या कॅमेऱ्यातून निघालेली फाइल कशी वाचायची हे कंपनी जगाला सांगते की नाही?

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

आधी हे सांगून टाकतो की मी स्वतः निकॉन वापरतो आणि पुढेही वापरणार आहे. हातात बसतो, रंग आवडतात, धुळीत-पावसात साथ देतो. म्हणजे हे 'अमुक कंपनी भारी, तमुक भिकार' छापाचं भांडण नाही. ज्यांच्याकडून अपेक्षा असते त्यांच्याशीच भांडावं लागतं, एवढंच.

आता मुद्दा. जे फोटोग्राफर नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात : कॅमेरा फोटो दोन तऱ्हांनी साठवतो. एक जेपेग, म्हणजे हॉटेलातली तयार थाळी. मीठ-तिखट आचाऱ्याने ठरवलेलं. दुसरी रॉ, म्हणजे मंडईतून आणलेला कच्चा माल. सेन्सरवर जेवढा प्रकाश पडला तेवढाच्या तेवढा नोंदलेला, शिजवायचं काम आपलं. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या असतात, १४ बिटांच्या रॉमध्ये १६,३८४. मांडवातल्या निळ्या-जांभळ्या एलईडीने नवरीचा चेहरा निळा पडलेला असतो, तो माणसासारखा दिसायला लावायचा तर या पायऱ्याच कामी येतात. म्हणून धंदा करणारा माणूस रॉमध्येच काढतो. फिल्मच्या जमान्यात निगेटिव्हला जे स्थान होतं ते आज रॉला आहे.

फरक एवढाच की निगेटिव्ह उजेडासमोर धरली की कुणालाही दिसायची. कोडॅकला विचारावं लागत नव्हतं. रॉ फाइल मात्र वाचायला सॉफ्टवेअर लागतं आणि त्या सॉफ्टवेअरला फाइलची रचना माहीत असावी लागते. कॅननची रचना वेगळी, सोनीची वेगळी, निकॉनची वेगळी. आणि निकॉनच्या फाइलची, जिला एनईएफ म्हणतात, रचना निकॉन जाहीर करत नाही. फोटो तुम्ही काढला, नातेवाईक तुमचे, मांडव तुमचा, कॅमेऱ्याचे पैसे तुम्ही भरले, आणि फाइलमध्ये काय लिहिलंय हे मात्र कंपनीचं गुपित. शेत आपल्या नावावर आणि विहिरीच्या खोलीची किल्ली शेजाऱ्याकडे, असा प्रकार.

यावर नेहमीचं उत्तर असं : 'अहो, निकॉनचं एनएक्स स्टुडिओ फुकट आहे की! डाउनलोड करा.' फुकट आहे, खरंय. विंडोजवर आणि मॅकवर चालतं. लिनक्सवर नाही. आणि फुकट असणं वेगळं, आपल्या ताब्यात असणं वेगळं. पूर्वी निकॉनचं कॅप्चर एनएक्स २ होतं, पैसे देऊन घ्यायचं. त्यात कंट्रोल पॉइंट नावाची सोय होती : फोटोत एका जागी बोट ठेवायचं आणि तेवढाच भाग उजळ करायचा. लोकांनी वर्षानुवर्षं त्यावर काम केलं. ते तंत्र होतं निक सॉफ्टवेअर या दुसऱ्या कंपनीचं. २०१२ साली गुगलने ती कंपनी विकत घेतली, २०१४ साली निकॉनने कॅप्चर एनएक्स-डी आणलं, आणि त्यात कंट्रोल पॉइंट नव्हते. पुढे ती सोय परत आली, पण मधली वर्षं लोकांनी काय करायचं होतं? दोन कंपन्यांच्या व्यवहारात तिसऱ्याच माणसाची मेहनत अडकली.

अडोबीचं तर विचारूच नका. २०१३ पासून फोटोशॉपची नवी आवृत्ती भाड्यानेच. लाइटरूम एकदाच पैसे देऊन मिळायचं, ते २०१७ मध्ये थांबवलं. जुनं लाइटरूम ६ आजही चालवणारे लोक आहेत, पण त्यांनी नवा कॅमेरा घेतला की ते सॉफ्टवेअर नवी फाइल ओळखत नाही. तालुक्याच्या गावातला स्टुडिओवाला, वर्षातले चार-पाच महिने ज्याच्या हातात काम असतं, तो बाराही महिने भाडं भरतो. नाहीतर चोरीची कॉपी टाकतो. सगळ्यांना माहीत आहे, कुणी बोलत नाही.

याला पर्याय आहे, चांगला आहे, आणि तो काही माणसांनी नोकरी-धंदा सांभाळून उभा केलाय. डार्कटेबल २००९ पासून आहे. रॉथेरपी हंगेरीतल्या एका माणसाने सुरू केलं आणि २०१० च्या जानेवारीत सगळा कोड लोकांसाठी खुला केला. डिजीकॅम आहे. यातली बरीच मंडळी ज्या पायावर उभी आहेत त्याचं नाव डीसीरॉ. डेव्ह कॉफिन नावाच्या अमेरिकन प्रोग्रामरने १९९७ मध्ये लिहायला घेतलं. एकच सी भाषेतली फाइल, आणि त्यात शेकडो कॅमेऱ्यांच्या रॉ फायली वाचायची विद्या. कंपन्या सांगत नव्हत्या म्हणून या माणसाने एकेक फाइल उलगडून, आकड्यांवर आकडे जुळवून ती शोधली. पुढे त्यातूनच लिबरॉ निघालं, आणि ते फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे तसं विकतच्या सॉफ्टवेअरमध्येही आहे. आज तुम्ही कुठलंही रॉ उघडणारं ॲप वापरत असाल तर त्याच्या तळाशी या माणसाच्या कष्टाचा अंश असण्याची शक्यता बरीच.

आणि निकॉनने अशा लोकांना काय दिलं? २००५ सालची गोष्ट. डी२एक्स हा तेव्हाचा निकॉनचा मानाचा कॅमेरा. त्याच्या एनईएफमध्ये व्हाइट बॅलन्सचे आकडे कंपनीने सांकेतिक करून ठेवले. व्हाइट बॅलन्स म्हणजे पांढरं हे पांढरं दिसण्यासाठी लागणारी चार-दोन संख्या. त्यात कसलं आलंय गुपित? पण त्या कुलूपबंद. फोटोशॉपचे मूळ लेखक थॉमस नोल यांनी जाहीर तक्रार केली. निकॉनचं उत्तर असं होतं की आमचं डेव्हलपर किट आहे, अस्सल सॉफ्टवेअर कंपन्यांनी लेखी अर्ज करावा, मंजूर झाला तर देऊ.

'अस्सल सॉफ्टवेअर कंपनी' हे शब्द नीट बघा. संध्याकाळी घरी बसून कोड लिहिणारा माणूस अस्सल नाही. जगभर विखुरलेले, पगार न घेणारे पंधरा-वीस जण अस्सल नाहीत. ते कुलूप मात्र याच 'अस्सल नसलेल्यांनी' थोड्याच दिवसांत उघडलं. त्याची किल्ली म्हणजे कॅमेऱ्याचा सिरियल नंबर आणि तोवर शटर किती वेळा पडलं तो आकडा. दोन्ही त्याच फाइलमध्ये! घराला कुलूप लावून किल्ली पायपुसण्याखाली ठेवावी तसं. चोराला त्रास शून्य, घरच्यांची गैरसोय मात्र कायमची.

बरं, ही वीस वर्षांपूर्वीची गोष्ट, आता कंपनी शहाणी झाली असेल म्हणाल, तर २०२१ मध्ये या. झेड ९ आला. त्यात हाय एफिशियन्सी नावाचे रॉचे दोन नवे प्रकार आले, एक साधा आणि एक तारांकित. कल्पना उत्तम. फाइलचा आकार खूप कमी होतो, दर्जा जवळपास तोच. एका लग्नात चार-पाच हजार फोटो काढणाऱ्याला कार्ड आणि हार्डडिस्कच्या खर्चात केवढा फरक पडतो ते त्यालाच विचारा. पण ही आकुंचनाची पद्धत निकॉनने इंटोपिक्स या बेल्जियमच्या कंपनीकडून घेतली, तिचं नाव टिकोरॉ, आणि ती बंद आहे. तीच पुढे झेड ८ मध्ये आली, २०२४ मध्ये झेड ६ थ्रीमध्ये आली. एवढा काळ गेला तरी डार्कटेबलच्या यादीत या प्रकारांसमोर फुलीच होती. अडोबीला वाचता येतं, निकॉनला स्वतःला येतं, ज्यांनी सगळं फुकट वाटलं त्यांना येत नाही.

मग लोक काय करतात? अडोबीचा मोफत डीएनजी कन्व्हर्टर विंडोज किंवा मॅकवर टाकतात, फाइल त्यातून काढून डीएनजी करतात आणि मग डार्कटेबलमध्ये उघडतात. जपानी कॅमेऱ्यात काढलेला आपल्या पोरीच्या लग्नाचा फोटो आधी अमेरिकी कंपनीच्या दारातून फिरवून आणायचा, मग घरात घ्यायचा.

इथे कुणी सांगेल, 'लॉसलेस रॉ निवडा की, ती उघडते.' बरोबर, उघडते, आणि माझा सल्लाही सध्या तोच आहे. पण मग ज्या सोयीसाठी कॅमेऱ्याचे जास्त पैसे मोजले ती सोय आपल्यासाठी नाही, असा त्याचा अर्थ होतो. शिवाय उद्याच्या मॉडेलमध्ये लॉसलेसचा पर्याय राहीलच याची हमी कोण देतंय? झेड ९ मधून साधी, न आकुंचलेली रॉ काढूनच टाकली होती ना?

आता कंपनीच्या बाजूने जे बोललं जातं ते घेतो. पहिलं, व्यापारी गुपित. निकॉनचे खास रंग, त्वचेचा तो टोन, यामागे वर्षांची मेहनत आहे, ती का द्यायची? नका देऊ! कुणी मागितलेलीच नाही. भाजी कशी करायची हे आम्ही विचारत नाही, पिशवीत भाजी कुठली आणि किती एवढंच विचारतोय. फाइलमध्ये कुठल्या जागी काय लिहिलंय याचा कागद, नव्या कॅमेऱ्याच्या सेन्सरचे रंगाचे मूळ आकडे, प्रत्येक प्रकारातल्या काही नमुना फायली, आणि शंका विचारली तर उत्तर देणारा एक माणूस. झालं. आज हे सगळं लोक स्वतः करतात. नवा कॅमेरा आला की कुणीतरी पदरचे पैसे घालून तो घेतो, प्रत्येक आयएसओला फोटो काढून गोंगाटाचं मोजमाप करतो, नमुना फायली सगळ्यांसाठी चढवतो. रंगाचे आकडे तर बऱ्याचदा अडोबीच्या कन्व्हर्टरमधून काढून घ्यावे लागतात. निकॉनच्या कॅमेऱ्याचे रंग अडोबीकडून विचारायचे! कंपनीतल्या एका इंजिनियरच्या आठवड्याभराच्या कामात हे सुटेल.

दुसरं, टिकोरॉ निकॉनच्या मालकीचं नाही, ते कसं खुलं करणार? हा मुद्दा खरा आहे, मान्य. पण करार कुणी केला? गिऱ्हाइकाने नाही. करार करताना 'फाइल लिहिण्याचा परवाना तुम्ही आम्हाला द्या, आणि वाचण्याची मुभा सगळ्यांना द्या' अशी अट निकॉनसारखं मोठं गिऱ्हाईक घालू शकलं असतं. अजूनही घालू शकतं. लिहिणारा कोड बेल्जियममध्ये कुलुपात राहू दे, वाचणारा तेवढा द्या.

तिसरं, 'डेव्हलपर किट आहे, ते घ्या.' किट म्हणजे बंद डबा. आत फाइल टाकली की बाहेर चित्र येतं, मधे काय झालं दिसत नाही. डार्कटेबल, रॉथेरपी ज्या जीपीएल परवान्याखाली आहेत त्याचं मूळ तत्त्वच हे की सगळा कोड दिसला पाहिजे आणि पुढच्याला देता आला पाहिजे. गुप्ततेच्या करारात बांधलेला डबा तिथे बसतच नाही. उपवासाच्या माणसाला बोलवायचं आणि पानात मटण वाढून 'आम्ही तर वाढलं होतं' म्हणायचं.

चौथं, 'बंद असलं की सुरक्षित असतं.' यावर निकॉनने तरी बोलू नये. फोटोत फेरफार झालेला नाही हे सिद्ध करणारी त्यांची इमेज ऑथेंटिकेशन पद्धत होती, तीही अशीच बंद. २०११ मध्ये एल्कॉमसॉफ्ट या रशियन कंपनीने कॅमेऱ्यातली सही करायची किल्लीच बाहेर काढून दाखवली.

आणि गंमत बघा, असल्या तंत्राच्या कुलुपाचा चटका खुद्द निकॉनलाही बसलाय. २०२२ मध्ये रेड या सिनेमा कॅमेऱ्याच्या कंपनीने आकुंचलेल्या रॉ व्हिडिओच्या पेटंटवरून झेड ९ साठी निकॉनला अमेरिकेत कोर्टात खेचलं. निकॉनने आरोप फेटाळले, २०२३ मध्ये दावा मागे घेतला गेला आणि २०२४ मध्ये निकॉनने रेड कंपनीच विकत घेऊन टाकली. कुलूप अडचणीचं झालं तर कुलूपवाला विकत घ्यायची ऐपत त्यांची आहे. डार्कटेबलवाल्यांनी बेल्जियमची कंपनी विकत घ्यायची का?

हे अशक्य मागणं आहे असंही नाही. डीएनजी हा खुला फॉरमॅट अडोबीने २००४ मध्ये जाहीर केला, वापरायला पैसे लागत नाहीत, आणि पेंटॅक्स, लायका हे कॅमेऱ्यातच डीएनजी देतात. त्यांचे रंग कुणी चोरून नेले नाहीत. गोप्रोने तर २०१७ मध्ये आपलं सिनेफॉर्म हे व्हिडिओ आकुंचनाचं तंत्र कोडसकट खुलं केलं, पुढे आपल्या रॉ फाइलचाही कोड दिला. कॅमेरा सोडून बघायचं तर एएमडीने २००७ मध्ये ग्राफिक्स कार्डांची माहिती लिनक्सच्या डेव्हलपरांना द्यायचं ठरवलं. एनव्हिडिया वर्षानुवर्षं अडून बसली होती, तिनेही २०२२ मध्ये ड्रायव्हरचा काही भाग खुला केला. कुणाचंही दुकान बंद पडलं नाही.

आता 'लिनक्स वापरतं कोण?' या शेऱ्याकडे येतो, कारण तो येणारच. विषय लिनक्सचा नाहीच. विषय हा आहे की तीस-चाळीस वर्षांनी या फायली कोण उघडणार. आपल्याकडे छायाचित्राचा कॉपीराइट छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. म्हणजे कायदा धरून चालतो की फोटो नातवंडांपर्यंत जाईल. कुठलं सॉफ्टवेअर एवढं जगलंय? खुला कोड असला की कंपनी बुडाली तरी कुणीतरी तो उचलून पुढे चालवतो.

मराठी माणसाला हे वेगळं समजावायची गरज नाही. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे कोट्यवधी कागद आहेत, मोडीतले. कागद शाबूत, शाई शाबूत, वाचणारे मूठभर. तरी मोडी कुणाच्या मालकीची नाही. वर्ग लावला, सराव केला, की कुणीही शिकतं आणि आपल्या पणजोबांचं खरेदीखत वाचतं. मोडीवर एखाद्या कंपनीचा गुप्ततेचा करार असता तर?

आणि हा प्रश्न फक्त स्टुडिओवाल्यांचा नाही. पुरातत्त्व खातं, वनविभाग, माहिती खातं, विद्यापीठं, संग्रहालयं, सगळीकडे कॅमेरे लागतात आणि ते आपल्या कराच्या पैशातून येतात. लेणी, वीरगळ, ताम्रपट, पूर, दुष्काळ यांची चित्रं म्हणजे सार्वजनिक दप्तर आहे. केंद्र सरकारचं ई-गव्हर्नन्ससाठी खुल्या मानकांचं धोरण २०१० पासून आहे, ओपन सोर्स स्वीकारण्याचं धोरण २०१५ पासून आहे. मग कॅमेऱ्याच्या निविदेत मेगापिक्सेल, बॅटरी, बॅग सगळं लिहितात, तिथे एक ओळ का नसावी : 'या कॅमेऱ्याची रॉ फाइल किमान एका खुल्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली पाहिजे'? एका ओळीला पैसा लागत नाही. कंपनी माझं पत्र केराच्या टोपलीत टाकेल, सरकारी निविदेची अट टाकणार नाही.

कायदाही अगदीच विरोधात नाही. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या ५२(१)(एबी) कलमात, एक प्रोग्राम दुसऱ्याशी जुळावा म्हणून लागणारी माहिती सहज मिळत नसेल तर ती कायदेशीर धारकाने शोधून काढायला मुभा आहे. पेटंटचा मामला वेगळा, पण निदान शोधणाऱ्याला चोर म्हणता येत नाही. आता जी माहिती शोधायला कायदाच मुभा देतो, ती माणसाला वर्षभर डोकं फोडायला लावून का द्यायची? सरळ द्या.

करायचं काय, तर ओरडून उपयोग नाही आणि बहिष्काराच्या गर्जनांनी तर अजिबात नाही. कंपनी ऐकते ते विक्री व्हायच्या आधी. बिल फाडलं की आपण फक्त सर्व्हिस सेंटरचे पाहुणे. त्यामुळे नवी बॉडी घ्यायला जाल तेव्हा डीलरला तोंडावर विचारा : हाय एफिशियन्सी रॉ डार्कटेबलमध्ये उघडते का? त्याला माहीत नसणार. हरकत नाही, कंपनीच्या माणसाला विचारून सांगा म्हणावं. एकाच आठवड्यात एकाच जिल्ह्यातून दहा जणांनी विचारलं की तो प्रश्न वर जातो. फोटोग्राफर संघटनांच्या कार्यशाळांना कॅमेरा कंपन्या पाहुणे पाठवतात, प्रायोजक होतात; त्या कार्यक्रमात माइक हातात आला की नव्या लेन्सची किंमत विचारण्याआधी हे विचारा. सरकारी खात्यात, कॉलेजात, संग्रहालयात कुणी खरेदीच्या टेबलावर असेल तर ती एक ओळ निविदेत घाला.

मी निकॉन इंडियाला पत्र पाठवतोय. मागण्या तीनच. एनईएफची रचना जाहीर करा. टिकोरॉ वाचण्याचा परवाना खुल्या सॉफ्टवेअरसाठी मिळवून द्या. आणि तो मिळेपर्यंत प्रत्येक कॅमेऱ्यात लॉसलेसचा पर्याय काढणार नाही असं लिहून द्या. तिसरी, नवं मॉडेल बाजारात यायच्या दिवशीच नमुना फायली आणि रंगाचे आकडे सगळ्यांना मिळतील असे ठेवा. पत्र मराठीत आणि इंग्रजीत आहे. ज्यांना आपल्या स्टुडिओच्या किंवा संघटनेच्या लेटरहेडवर तेच पाठवायचंय त्यांनी मजकूर घ्या, माझं नाव काढा, आपलं घाला. उत्तर आलं तर जसंच्या तसं इथे टाकेन. महिनाभरात नाही आलं तर तेही टाकेन.